गाठ आणि लाज

इंदूर नगरीचा वैद्यकविद्येशी असलेला संबंध जुना आहे. होळकरांच्या काळी, १८७८ साली, येथे वैद्यकीय शिक्षणाची शाळा निघाली. पुढे ती किंग एडवर्डच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९४८ साली याच परंपरेतून महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय हे माळवा आणि निमाड या दोन्ही मुलखांतील गोरगरिबांचे आशास्थान होय. गावातला लहान मुलगाही त्याला नुसते 'एम. वाय.' म्हणतो. धारेचा मजूर, खरगोणचा शेतकरी, राजवाड्यामागच्या बोळातला मराठी पेन्शनर, सगळ्यांची वाट अखेर तेथेच जाते.

अशा शहरातील एक साठीचा गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. उभी हयात कापडगिरणीत गेली, मुले मार्गी लागली, आता सकाळी पोहे-जिलबी आणि वर्तमानपत्र एवढाच त्याचा व्याप. एके दिवशी आंघोळ करताना डाव्या छातीवर, स्तनाग्राच्या किंचित बाजूला, हरभऱ्याएवढे काहीतरी कठीण त्याच्या बोटांना लागते. दुखत नाही, खुपत नाही. तो कोणाला सांगत नाही. पत्नीला सांगितले तर ती काय म्हणेल? डॉक्टरला सांगायचे तर कोणत्या शब्दांत? 'स्तन' हा शब्द त्याने स्वतःच्या शरीरासंबंधी जन्मात कधी उच्चारलेला नसतो. सहा महिने जातात, वर्ष जाते. पुढे सदऱ्याच्या आतल्या बाजूला रक्ताचा डाग दिसतो, काखेत अवधाण येते, आणि मग मुलगा त्याला रुग्णालयात नेतो. हा गृहस्थ कल्पित आहे; पण अशी हकीकत न ऐकलेला शल्यवैद्य विरळा.

पुरुषाला स्तनाचा कर्करोग होतो ही गोष्टच पुष्कळांना ठाऊक नसते. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. प्रमाण थोडे आहे हे खरे. परंतु पुरुषाच्या छातीवर मांस-मेद थोडा असल्याने त्याची गाठ स्त्रीच्या गाठीपेक्षा लवकर हाताला लागावी, आणि प्रत्यक्षात मात्र तिचे निदान अधिक उशिरा, रोग अधिक पसरल्यावर व्हावे, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. आजवरच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे त्याचे मर्म ध्यानात येते.

हा इतिहास थेट प्राचीन मिसरात सुरू होतो. १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लक्सर येथे एक जुनी पपायरसाची गुंडाळी विकत घेतली. तिचे वाचन शिकागोचे पंडित जेम्स ब्रेस्टेड यांनी करून १९३० साली ते प्रसिद्ध केले. ही प्रत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची. मूळ ग्रंथ त्याहूनही कित्येक शतके जुना मानला जातो. तीत जखमा व व्याधींची अठ्ठेचाळीस प्रकरणे क्रमवार दिली आहेत, आणि त्यांतील पंचेचाळिसाव्यात छातीवरील गाठींचे वर्णन आहे. वैद्याने हात ठेवून पाहावे. गाठी स्पर्शाला थंड लागतात, ज्वर नसतो, त्यांत पाणी नसते, कच्च्या फळासारख्या त्या टणक असतात, असा त्याचा आशय. पुढे उपचाराच्या जागी तो वैद्य प्रामाणिकपणे लिहितो की याला उपाय नाही. यातील रुग्णासाठी जो शब्द योजला आहे तो पुरुषवाचक आहे. म्हणजे छातीच्या गाठीची मानवजातीने केलेली ही अतिप्राचीन नोंद स्त्रीच्या नावावर नाही. त्या वैद्याजवळ साधन एकच होते, ते म्हणजे स्वतःचा हात. आणि तो हात ठेवताना त्याला संकोच वाटल्याचे कोठे दिसत नाही.

संकोच शिरला तो पुढे, नावाबरोबर. ग्रीक वैद्यकात पुरुषाच्या स्तनवृद्धीला 'गायनेकोमास्टिया' हे नाव मिळाले. ते दुसऱ्या शतकातील गेलन याने रूढ केले असे मानतात. त्याचा सरळ अर्थ 'स्त्रीसारखे स्तन'. नावातच लांछन आले! सातव्या शतकात एजिना बेटावरील पॉल या वैद्याने वाढलेला भाग चंद्रकोरीसारखा छेद घेऊन कसा काढावा हे लिहिले. परंतु शस्त्रक्रियेचे कारण म्हणून त्याने वेदना सांगितली नाही की धोका सांगितला नाही. या विकृतीमुळे पुरुषाला बायकीपणाचा बोल लागतो, म्हणून ती काढावी, असे त्याचे म्हणणे. तेराशे वर्षांपूर्वी माणूस वैद्याकडे जाई तो लाजेमुळे, आणि आज जात नाही तोही लाजेमुळेच.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत स्तनरोगांचा विचार आहे, पण तो प्रामुख्याने गर्भिणी व प्रसूता यांच्या संदर्भात. तथापि त्याच ग्रंथात ग्रंथी आणि अर्बुद यांचेही विवेचन आहे, आणि अर्बुद शरीराच्या कोणत्याही भागी उद्भवू शकते असे तेथे मानले आहे. तत्त्व सांगितलेले होते. ते पुरुषाच्या छातीला लावून पाहण्याचे मात्र राहून गेले. युरोपात चौदाव्या शतकातील इंग्रज शल्यवैद्य जॉन आर्डर्न याने पुरुषाच्या स्तनाच्या कर्करोगाचे वर्णन केले. पुढे कित्येक शतके अशा नोंदी एकेकट्या, 'विलक्षण प्रकरण' म्हणूनच होत राहिल्या. अमेरिकन शल्यवैद्य वेनराइट यांनी १९२७ साली ४१८ पुरुष रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा कोठे हा विलक्षण प्रकार नसून एक नियमित, जरी विरळ, रोग आहे हे ठसठशीतपणे पुढे आले.

हाताला गाठ लागते, पण ती कसली आहे हे हात सांगू शकत नाही. ते सांगण्याचे सामर्थ्य सूक्ष्मदर्शकाने दिले. जर्मन पंडित रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ साली रोगाचे मूळ पेशीत शोधावे हा सिद्धांत मांडला, आणि गाठीचा तुकडा काचेखाली ठेवून पाहण्याची पद्धत रूढ झाली. भारतात या विद्येचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. कर्करोग आणि महारोग हे दोन्ही त्यांच्या संशोधनाचे विषय होते, आणि या विषयात त्या दोहोंची गाठ पडते. ती कशी, हे पुढे येईलच. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात मार्टिन आणि एलिस या दोघांनी १९३० साली सुईने गाठीतील पेशी ओढून तपासण्याची रीत सांगितली. त्यामुळे निदानासाठी प्रत्येक वेळी चाकू लावण्याची गरज उरली नाही.

आता क्ष-किरणांकडे वळावे. रंटजेन यांना या किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला. मोडलेले हाड आणि आत रुतलेली गोळी त्यांनी तत्काळ दाखविली. पण स्तनासारख्या मऊ अवयवात सगळेच मऊ, मग छायेत छाया वेगळी कशी काढावी? या प्रश्नाला प्रथम हात घातला बर्लिनचे शल्यवैद्य आल्बर्ट सालोमोन यांनी. शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन त्यांनी १९१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोगाच्या गाठीची कडा, तिचा काखेकडे होणारा प्रसार, आणि मिठाच्या कणांसारखे बारीक चुन्याचे ठिपके त्यांना त्या चित्रांत दिसले. पण सालोमोन ज्यू होते. १९३३ साली हिटलरची सत्ता आली आणि त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांना छळछावणीत डांबण्यात आले. तेथून सुटल्यावर ते हॉलंडमध्ये गेले आणि युद्धातून वाचले. त्यांची चित्रकार कन्या शार्लोट मात्र १९४३ साली ऑश्विट्झ येथे मारली गेली. ज्या माणसाने असंख्य कुटुंबांना आधी धोका ओळखण्याचे साधन दिले, त्याच्या स्वतःच्या घरावरचा घाला त्याला टाळता आला नाही.

सालोमोन यांचे काम इतरांनी पुढे नेले. अमेरिकेत स्टॅफर्ड वॉरन यांनी १९३० साली जिवंत रुग्णांच्या स्तनांची छायाचित्रे काढून निदान केले. युरुग्वे देशातील राउल लेबोर्न यांनी १९४० नंतरच्या दशकात स्तन दाबून चपटा केल्यास चित्र स्पष्ट येते हे दाखविले आणि त्या चुन्याच्या कणांचे महत्त्व पुनः पटवून दिले. ह्यूस्टनचे रॉबर्ट एगन यांनी १९६० साली हजार तपासण्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो यांनी मॉलिब्डेनम धातूपासून निघणारे सौम्य किरण वापरणारे, केवळ स्तनाच्या तपासणीसाठीच बनविलेले यंत्र सिद्ध केले. मॅमोग्राम हा शब्द आता आपल्याकडेही सर्वांच्या तोंडी आहे, त्याची ही पूर्वपीठिका. याच सुमारास, १९५०च्या आसपास, जन्माने इंग्रज असलेले जॉन वाइल्ड हे अमेरिकेत मिनियापोलिस येथे ध्वनिलहरींनी स्तनातील गाठी पाहू लागले होते. आजची सोनोग्राफी ती हीच.

या साऱ्या शोधमालिकेत एक गोष्ट नजरेत भरते. यंत्र स्त्रीसाठी बनले, त्याच्या पट्ट्या स्त्रीच्या मापाने बसविल्या, आणि न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या मोठ्या पाहणीतही फक्त स्त्रियाच घेतल्या. यात अन्याय नव्हता. रोगाचा भार स्त्रियांवरच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की तपासणीच्या खोलीबाहेरचे चित्र स्त्रीचे, फलक स्त्रियांना उद्देशून, आणि बाकावर बसलेल्याही स्त्रियाच. तेथे एखादा पुरुष हातात चिठ्ठी घेऊन गेला तर बाकावरील माणसे त्याच्याकडे पाहतात आणि तो जमिनीकडे पाहतो. वस्तुतः ती तपासणी पुरुषाची करण्यात काडीचीही अडचण नाही. तेच यंत्र, तशीच वरून एक आणि तिरकी एक अशी दोन चित्रे.

इतकेच नव्हे, तर पुरुषाचे चित्र वाचावयास सोपे असते. वयात येईपर्यंत मुलाचा आणि मुलीचा स्तन सारखाच असतो. पुढे मुलीमध्ये दूध निर्माण करणारे पुंजके वाढतात. मुलामध्ये ते वाढत नाहीत, उरतात त्या केवळ थोड्या नलिका आणि मेद. म्हणून स्त्रियांत नेहमी आढळणाऱ्या द्रवाच्या पिशव्या आणि तरुणपणाच्या सरकत्या गाठी पुरुषांत क्वचितच होतात. बहुतेक वेळा प्रश्न एवढाच राहतो की ही साधी स्तनवृद्धी आहे की कर्करोग. साध्या वृद्धीची छाया स्तनाग्राच्या बरोबर मागे, दिव्याच्या ज्योतीसारखी किंवा उघडलेल्या पंख्यासारखी, आणि मागे मेदात हळूहळू विरून जाणारी दिसते. कर्करोगाची छाया दाट, पुष्कळदा स्तनाग्रापासून किंचित बाजूला सरकलेली, आणि तिची कडा वेडीवाकडी वा काटेरी. पंचविशीच्या आतील तरुणाला सोनोग्राफी आधी करावी आणि त्यापुढील वयात मॅमोग्राम आधी, असा आजचा सर्वसाधारण संकेत आहे. शंका उरली तर सुई घालून गाठीचा तुकडा तपासतात. अखेरचा निवाडा सूक्ष्मदर्शकाचा. आणि नुसता हात लावून पाहताच साधी वृद्धी आहे अशी जाणत्या डॉक्टरची खात्री पटली, तर चित्राचीही गरज नसते.

कारण पुरुषाच्या छातीवरील बहुतेक फुगवटे निरुपद्रवी असतात, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. पुरुषाच्या आयुष्यात तीन वेळा निसर्ग स्वतःच ही वृद्धी घडवितो. पहिली जन्मतः. आईच्या रक्तातील संप्रेरकांमुळे तान्ह्या मुलाचीही छाती फुगते, क्वचित दुधासारखा थेंब येतो. तो पिळून काढण्याची जुनी चाल अनेक घरांत आहे, ती घातक होय. पिळल्याने तेथे पू होतो, न पिळल्यास काही आठवड्यांत सारे आपोआप ओसरते. दुसरी वेळ तेराव्या-चौदाव्या वर्षी. शाळेतील एखादा हुशार मुलगा अचानक कवायतीला येईनासा होतो, पोहण्याच्या दिवशी त्याचे पोट दुखते, उकाड्यातही तो सदऱ्याखाली दोन बनियन घालतो. त्याला वाटते आपल्यात काही भयंकर उणे आहे. बहुतेक मुलांत ही वृद्धी सहा महिन्यांपासून दोन वर्षांत विरून जाते, हे एक वाक्य त्याला वडिलांनी वा गुरुजींनी वेळेवर सांगितले तर त्याचे पुष्कळ दुःख टळेल. तिसरी वेळ उतारवयाची, शरीरातील संप्रेरकांचा तोल पुन्हा बदलतो तेव्हाची.

या तिन्हींखेरीज काही कारणे बाहेरून येतात. यकृत खराब झाले तर वृद्धी होते. हृदयाच्या, रक्तदाबाच्या, पित्ताच्या काही औषधांनी होते. येथेच महारोगाशी संबंध येतो: त्या रोगात वृषणांना इजा पोहोचली म्हणजे पुरुषी संप्रेरक कमी पडते आणि छाती वाढते. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या उपासमारीच्या कैद्यांना पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्या छाती फुगल्या, आणि डॉक्टर चकित झाले. १९४२ साली बोस्टन येथे हॅरी क्लाइनफेल्टर यांनी नऊ पुरुषांतील अशा वृद्धीचा आणि वंध्यत्वाचा एकत्रित अभ्यास मांडला. त्यामागे एक जादा गुणसूत्र आहे हे १९५९ साली पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी सिद्ध केले. या दोषाच्या पुरुषांना कर्करोगाचा धोकाही अधिक असतो.

इंदूर तर आखाड्यांचे गाव. होळकरांच्या आश्रयाने येथे मल्लविद्या वाढली, आणि तांबड्या मातीत घडलेली छाती हा या शहराचा अभिमान. त्या मातीची जागा अनेक ठिकाणी आता जिमने घेतली आहे, आणि दुधातुपाच्या खुराकाची जागा काही तरुणांनी सुईतून व गोळीतून मिळणाऱ्या संप्रेरकांना दिली आहे. शरीर त्यातील काही भागाचे रूपांतर स्त्री-संप्रेरकात करते. परिणामी जी छाती दाखविण्यासाठी हा सारा खटाटोप, तीच झाकून फिरण्याची पाळी येते. अशा तरुणानेही डॉक्टरपासून ती गोळी लपवू नये. कारण कळल्याशिवाय निदान अपुरे.

कर्करोगाच्या बाबतीत घराण्याचाही विचार करावा लागतो. १९९४-९५ साली ज्या जनुकदोषाचा शोध लागला व ज्याला 'बी. आर. सी. ए. २' म्हणतात, तो आईकडून जसा येतो तसा वडिलांकडूनही येतो. ज्या घरात आई, बहीण वा मावशी यांना हा रोग झाला, तेथील मुलग्यांनी 'हे बायकांचे' म्हणून हात झटकू नयेत. उलट एखाद्या पुरुषाला तो झाला, तर ती त्याच्या मुलींसाठीही सूचना असते. म्हणून एका पुरुषाने लपविलेली गाठ ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही.

आपल्या देशात रोगांची पद्धतशीर मोजदाद उशिरा सुरू झाली. मुंबईची कर्करोग-नोंदणी १९६३ची. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागाची नोंदणी १९८७ साली सुरू झाली. या वह्यांत पुरुषांच्या रकान्यात स्तनाच्या कर्करोगासमोरचे आकडे लहान दिसतात. परंतु नोंद होते ती जो दाराशी आला त्याचीच.

मौन मोडणाऱ्यांची उदाहरणे थोडी पण मोलाची आहेत. अमेरिकेचे माजी सिनेटर एडवर्ड ब्रुक हे त्यांपैकी एक. २००२ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षानंतर, त्यांना हा रोग झाल्याचे आढळले. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली, ती एवढ्याचसाठी की इतर पुरुषांनी छातीवरून एकदा हात फिरवून पाहावा. निदान वेळेवर झाले होते. २०१५ साली, पंचाण्णव वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

लक्षणे ध्यानात ठेवण्यास फार विद्या लागत नाही. स्तनाग्राजवळ, बहुधा न दुखणारी, कठीण गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यावर न भरणारे क्षत, त्यातून येणारे रक्त, काखेतील अवधाण. दुखरी, रबरासारखी, बोंडशीच्या बरोबर मागची चकती बहुधा साधी असते. पण 'बहुधा' हा शब्द डॉक्टरने उच्चारावा, रुग्णाने स्वतःशी उच्चारू नये. सर्व पुरुषांनी उठून मॅमोग्राम काढावेत असे कोणी म्हणत नाही. ज्याच्या हाताला काही लागले त्याने मात्र थांबू नये.

गिरणीतल्या त्या साठीच्या गृहस्थाकडे परत यावे. त्याच्या शहरात वैद्यकविद्या शिकविणारी परंपरा जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. क्ष-किरण आहेत, ध्वनिलहरी आहेत, सुई आहे, सूक्ष्मदर्शक आहे. मिसरच्या त्या वैद्याजवळ यांपैकी काही नव्हते, म्हणून 'उपाय नाही' एवढेच लिहून तो थांबला. इंदूरच्या गृहस्थाजवळ उपाय आहे. मध्ये आहे तो एक शब्द, जो त्याला पत्नीजवळ, मुलाजवळ किंवा डॉक्टरजवळ उच्चारता येत नाही. तो शब्द घरात सहजपणे बोलला जाऊ लागला, तर हरभऱ्याएवढी गाठ हरभऱ्याएवढी असतानाच निघेल.